गळाच्या टोकापासून

नदीकाठी बसून गळाने मासे धरण्यासाठी लागणारे साहित्य मोजकेच असते : हातात धरायची काठी, तिला बांधलेली दोरी, पाण्यावर तरंगणारी एखादी खूण, दोरी खाली नेणारे थोडे वजन, टोकाशी वाकडा काटा आणि त्या काट्यावर लावलेले आमिष. या साहित्याच्या खरेदीत नवशिक्याची फसगत होते ती वस्तू निकृष्ट निघाल्यामुळे फारशी होत नाही. ज्या क्रमाने त्या वस्तूंचा विचार व्हायला हवा तो क्रमच उलटा होतो, हे तिचे खरे कारण असते. दुकानात प्रथम नजरेत भरते ती चकचकीत काठी, मग तिला शोभेल अशी चकरी, मग त्या चकरीत मावेल तेवढी जाड दोरी, आणि सर्वांत शेवटी, उरलेल्या सुट्ट्या पैशांत, पाकीटभर गळ घेतले जातात. वस्तुतः माशाचा काठीशी संबंध येतच नाही; तो येतो आमिषाशी, गळाशी आणि गळालगतच्या हातभर दोरीशी. म्हणून साहित्याचा विचार पाण्याखालच्या टोकापासून सुरू करून वर हातापर्यंत आणावा, आणि त्या टोकाचा विचारही ज्या माशासाठी ते पाण्यात जाणार त्याच्या तोंडावरून करावा, हे नवशिक्याला सांगण्याजोगे पहिले आणि सर्वांत उपयोगी सूत्र होय.

ही दृष्टी आजची नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण असून, राजाच्या करमणुकींपैकी एक म्हणून गळाच्या मासेमारीचे वर्णन करताना त्यात माशांचे प्रकार आणि त्यांना घालावयाचा चारा यांचा बारकाईने विचार केलेला आहे. सोमेश्वराच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा बराच भाग मोडत असल्यामुळे या ग्रंथाला येथील वाचकाच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर सविस्तर लिहून ते आधुनिक अभ्यासकांपुढे आणले. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या राजालाही माशाची खोड आधी जाणून घ्यावी लागत होती, एवढे यावरून स्पष्ट होते.

दख्खनच्या नद्यांत आज गळाला लागणारे मासे ढोबळमानाने दोन कुळींचे आहेत. एक इथले मूळचे : खडशी म्हणजे दख्खनचा महासीर, कोलस, मरळ, सापासारखा लांबट वाम, मिशा असलेला शिंगाळा आणि लहान-मोठे इतर अनेक. यांतील खडशीचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम साइक्स या अधिकाऱ्याने पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. दुसरी कुळी बाहेरून आलेल्या माशांची. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यातले मासे मत्स्यबीज सोडून येथील तलाव-धरणांत आणि तेथून नद्यांत पसरले. सायप्रिनस हा परदेशी मासाही तसाच आला. आणि आफ्रिकेतून १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया, ज्याला महाराष्ट्रात सर्रास चिलापी म्हणतात, त्याने उजनीसारख्या जलाशयांत असे बस्तान बसवले की भीमेकाठच्या बाजारात आज त्याचीच चलती असते. नवशिक्याने पहिले धडे चिलापीवर गिरवावेत. तो मुबलक आहे, दिवसाउजेडी चारा घेतो, फार चोखंदळ नाही, आणि मूळच्या माशांची अंडी-पिल्ले खाणारा असल्यामुळे तो धरला गेल्याने नदीचे नुकसान होत नाही.

माशाचे तोंड पाहिले की त्याची खाण्याची जागा कळते. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगते सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचे तोंड किंचित खाली झुकलेले आणि ओठ झालरीसारखे असतात, कारण तो मधल्या थरात वावरतो आणि दगड-लाकडांवरचे शेवाळ व वनस्पतीचे अंश खरवडतो. मृगळ तळाशी कुजणारा पाला आणि गाळातले अन्न टिपतो. शिंगाळ्याच्या मिशांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे गढूळ पाण्यात किंवा अंधारातही तो तळ चाचपत आमिषापर्यंत पोहोचतो. मरळ मात्र शिकारी आहे. पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून तो हलणाऱ्या भक्ष्यावर झेप घेतो आणि आपल्या रुंद जबड्यात ते एकदम ओढून घेतो. एकाच डोहात एकाच सकाळी या साऱ्यांची पंगत वेगवेगळ्या खोलीवर बसलेली असते, आणि आमिष कुठल्या थरात ठेवायचे हे ठरवल्याशिवाय टाकलेला गळ बहुधा दोन पंगतींच्या मधल्या रिकाम्या जागेत लोंबकळत राहतो.

तोंडाच्या आकारावरून गळाचा आकार ठरतो. गळ म्हणजे या लेखापुरता केवळ धातूचा वाकडा काटा. त्याला दोरी ओवण्यासाठी एका टोकाला छिद्र असते ज्याला डोळा म्हणतात, दुसऱ्या टोकाला अणी असते आणि अणीच्या आतल्या बाजूला, अडकलेला काटा सहज सुटू नये म्हणून, एक बारीक उलटे कुसळ असते. गळांच्या क्रमांकाची पद्धत नवशिक्याला हमखास चकवते, कारण क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान असतो : १२ क्रमांकाचा गळ बोटाच्या नखाएवढा इवलासा, ६ क्रमांकाचा मध्यम आणि २ क्रमांकाचा चांगला मोठा, त्याहून मोठ्या गळांची मोजणी १/० पासून पुढे उलट दिशेने, म्हणजे वाढत्या आकाराने, होते. चिलापी आणि लहान कोलसासाठी १० किंवा ८, रोहू-मृगळ-सायप्रिनससाठी ६ किंवा ४, शिंगाळा आणि मरळ यांच्यासाठी १/० किंवा २/० एवढे ध्यानात ठेवले तरी पहिले वर्ष निभावते. मोठा गळ म्हणजे मोठा मासा ही समजूत चुकीची आहे. चिलापीचे तोंड त्याच्या शरीराच्या मानाने लहान असते, आणि मोठ्या गळावरचे गांडूळ तो कडेकडेने कुरतडून नेतो व गळ कोरडा परत येतो. उलट लहान गळ मोठ्या माशाच्या ओठातही नीट रुतू शकतो. गळाची धार पाहण्यासाठी अणी अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवावी. ती घसरली तर गळ बोथट आहे आणि नखावर ओरखडा काढत अडखळली तर उपयोगाचा आहे.

आमिष हा या विषयाचा सर्वांत रसाळ भाग आहे आणि सर्वांत जास्त गैरसमजही येथेच आढळतात. बाजारात रंगीत पुड्या, सुगंधी द्रव्ये आणि परदेशी गोळ्या मिळतात, परंतु नदीतला मासा रोज जे खातो ते बहुधा नदीकाठीच फुकट मिळते. त्यांत पहिला मान गांडुळाचा, ज्याला काही भागांत शिदोड किंवा काडू म्हणतात. शेणखताच्या उकिरड्याखाली, केळीच्या बुंध्याशी किंवा मोरीच्या ओलीत ती सापडतात. ती ओल्या मातीसह डब्यात भरून झाकणाला छिद्रे पाडून सावलीत ठेवावीत. उन्हात तापलेल्या डब्यातली गांडुळे तासाभरात लिबलिबीत होतात आणि गळावर टिकत नाहीत. गांडूळ गळावर लावताना ते एकाच जागी टोचून लोंबते सोडले तर मासा लोंबता भाग तोडून नेतो; म्हणून त्याला गळाच्या दांड्यावर मोज्यासारखे चढवावे आणि शेवटी अणीपलीकडे बोटाच्या पेरभर शेपूट वळवळते ठेवावे. चिलापी, वाम, कोलस, शिंगाळा आणि सायप्रिनस या सर्वांना गांडूळ चालते, त्यामुळे नदीची ओळख नसलेल्या माणसाने सुरुवात त्यानेच करणे शहाणपणाचे ठरते.

रोहू, मृगळ आणि सायप्रिनस यांच्यासाठी पिठाचा गोळा उत्तम. त्याची साधी रीत अशी की दोन भाग कणकेत एक भाग कुटलेली शेंगदाण्याची पेंड, म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, आणि मूठभर भाजलेला तांदळाचा कोंडा मिसळावा, चिमूटभर हिंग किंवा मेथीची पूड घालावी, आणि पाणी अगदी थोडे थोडे शिंपडत पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळावे. गोळा पाण्यात टिकत नाही ही नेहमीची तक्रार असते. तिच्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे मळताना कापसाचे बारीक तंतू पिंजून त्यात घालणे, जेणेकरून पीठ तंतूंना धरून राहते. दुसरा म्हणजे मळलेला गोळा उकळत्या पाण्यात काही मिनिटे शिजवून घेणे, ज्यामुळे तो रबरासारखा चिवट होतो. कावेरीकाठी महासीरसाठी वापरला जाणारा नाचणीच्या पिठाचा गोळा असाच शिजवलेला असतो. गळावर लावायचा गोळा रोहूसाठी वाटाण्याएवढा पुरे, आणि अणी पिठात पूर्ण गाडली न जाता जेमतेम झाकली जाईल असा तो बसवावा, कारण जाड पिठात दडलेली अणी ओढीच्या वेळी माशाच्या ओठापर्यंत पोहोचतच नाही.

मांसाहारी माशांची गोष्ट वेगळी. शिंगाळ्यासाठी सोललेला झिंगा, म्हणजे गोड्या पाण्यातील कोळंबी, किंवा कोंबडीच्या काळजाचा तुकडा लावतात. वाम झिंग्यावरही येतो. मरळासाठी बेडूक जिवंत टोचण्याची जुनी पद्धत आहे, पण ती निर्दय आहे आणि आज तिची गरजही उरलेली नाही, कारण मऊ रबराचा बेडूक पाणवनस्पतींवरून थांबत थांबत ओढला तर मरळ त्याच आवेशाने झेपावतो. उलट टोकाला पूर्ण शाकाहारी आमिषे आहेत : पाण्यातल्या दगडांवर केसांसारखे वाढणारे हिरवे शेवाळ काडीवर गुंडाळून काढले आणि लहान गळावर पीळ देऊन बसवले तर गांडुळाला न विचारणारा मोठा चिलापी ते घेतो. नदीवर उंबर झुकलेले असेल आणि पिकलेली फळे पाण्यात पडत असतील तर त्याखाली मासे जमतात. खडशीला ही फळे फार आवडतात. अशा जागी उंबराचे फळ हेच आमिष, आणि ते तेथल्या तेथे मिळते. काठावरचे झाड, दगडाखालचे किडे, पाण्यावर पडणारे नाकतोडे हे आधी पाहावे आणि मग डबा उघडावा.

आमिषाबरोबर चारणे हा प्रकारही समजून घ्यायला हवा. गळावरच्या घासाखेरीज, त्याच जागी मासे गोळा व्हावेत म्हणून आधी थोडा चारा पाण्यात टाकतात, त्याला चारणे म्हणतात. कोंडा, पेंड आणि माती यांचे लिंबाएवढे गोळे करून बसण्याच्या जागेसमोर दोन-चार टाकले की ते तळाशी विरघळत राहतात आणि त्यांचा वास प्रवाहाबरोबर खाली जातो. येथे हात आखडता ठेवावा. पोट भरलेला मासा गळाकडे फिरकत नाही, आणि जास्त टाकलेला चारा उन्हाळ्यातल्या साचलेल्या डोहात सडून पाण्यातला प्राणवायू खातो. वाहत्या पाण्यात चारा गळाच्या जागेच्या थोडा वरच्या अंगाला टाकावा, नाहीतर मासे गोळा होतात ते खालच्या वळणावर.

आता दोरी. नायलॉनच्या एकेरी पारदर्शक धाग्याला महाराष्ट्रात तंगूस म्हणतात, आणि नवशिक्यासाठी तोच योग्य आहे. विणलेले बहुतंतू धागे जाडीच्या मानाने फार मजबूत असले तरी ते ताणले जात नाहीत, पाण्यात दिसतात आणि बोटे कापतात. चिलापी व लहान माशांसाठी ०.२० मिलिमीटर, रोहू-सायप्रिनससाठी ०.२५ ते ०.३० मिलिमीटर जाडीचा तंगूस पुरतो. खूप जाड तंगूस पाण्यात ताठ राहतो, आमिषाला नैसर्गिकपणे वाहू देत नाही आणि स्वच्छ पाण्यातल्या माशाला सावध करतो. तुटण्याची भीती वाटते म्हणून जाड दोरी घेतली जाते, परंतु तंगूस बहुतेक वेळा मध्ये तुटत नाही, तो गाठीशी तुटतो. म्हणून एक गाठ नीट शिकणे हे जाडी वाढवण्यापेक्षा मोलाचे आहे. तंगुसाचे टोक गळाच्या डोळ्यातून ओवून वीतभर बाहेर काढावे, ते मुख्य दोरीभोवती पाच-सहा वेळा गुंडाळावे, मग परत आणून डोळ्यालगत उरलेल्या लहान फासातून आणि त्यानंतर नव्याने तयार झालेल्या मोठ्या फासातून घालावे. आता गाठ पाण्याने ओली करावी आणि मुख्य दोरी सावकाश ओढून वेढे एकमेकांना लागून बसू द्यावेत. कोरडी गाठ झटक्याने आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तेथेच कमजोर होते. दिवसातून दोन-तीनदा गळावरचा हातभर तंगूस बोटांमधून फिरवून पाहावा. खरखर जाणवली तर तेवढा भाग कापून गाठ पुन्हा मारावी.

तरंगा म्हणजे पाण्यावर राहून खालची हालचाल वर कळवणारी खूण. मोरपिसाचा दांडा, बुचाचा किंवा जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा यांपैकी काहीही चालते. मात्र तो जेवढा लहान तेवढा चांगला, कारण मोठा तरंगा बुडवताना माशाला अडथळा जाणवतो आणि तो घास टाकून देतो. तरंगा पाण्यावर जेमतेम बोटाच्या पेरभर दिसेल एवढे वजन गळाच्या वीत-दीड वीत वर लावावे. वजनासाठी शिशाचे फुटके छर्रे वापरतात, जे मधल्या चिरेत दोरी घालून दाबून बसवले जातात. शिसे विषारी असल्यामुळे ते दातांनी दाबण्याची सवय कधीही लावून घेऊ नये, आणि वाहत्या पाण्यात तळाशी गळ ठेवायचा असेल तर लोखंडी नटही तेच काम करतो. खोली मोजण्याची रीत सोपी आहे. गळाला तात्पुरते जड वजन अडकवून साहित्य पाण्यात सोडावे. तरंगा बुडून गेला तर खोली जास्त आहे, म्हणून तो दोरीवर वर सरकवावा. तो आडवा पडला तर खोली कमी आहे, म्हणून खाली आणावा. आणि तो नेमका पाण्याच्या पातळीशी उभा राहिला की गळ तळाला टेकलेला असतो. मृगळ आणि सायप्रिनससाठी तेथेच ठेवावा, रोहूसाठी हात-दीड हात उचलावा, कटल्यासाठी त्याहून बराच वर. पाच मिनिटांचे हे मोजमाप बहुतेक जण टाळतात आणि मग दिवसभर आमिषाला दोष देतात.

काठीबद्दल फार लिहिण्याची आवश्यकता नाही. भरीव बांबूची, कोकणात माणगा म्हणतात त्या जातीची, दहा-बारा फूट लांब, शेंड्याला निमुळती आणि सावलीत वाळवलेली काठी, तिच्याएवढ्याच लांबीचा तंगूस शेंड्याला बांधून वापरली तर काठालगतचे बहुतेक मासे आवाक्यात येतात. लांब फेकायचे असेल तर फायबरग्लासची सहा-सात फुटी काठी आणि तिच्यावर स्थिर रिळाची चकरी घ्यावी, म्हणजे जिचे रीळ फिरत नाही आणि फेकताना तंगूस त्यावरून वेटोळ्यांनी सुटत जातो अशी. ती शिकायला सर्वांत सोपी असते. या चकरीवर ड्रॅग नावाची एक कळ असते, जी मासा जोराने ओढू लागला की दोरी तुटण्याआधी घसरू देते. ही कळ दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाई ओढीवर सैल होईल अशी ठेवावी, नाहीतर मोठा मासा पहिल्याच धावेत दोरी तोडतो आणि गळ तोंडात घेऊन जातो.

बसण्याची जागा निवडताना माशाचे कान लक्षात घ्यावेत. कटला-रोहूच्या कुळातल्या आणि शिंगाळ्याच्या कुळातल्या माशांत हवेची पिशवी आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांची श्रवणशक्ती इतर अनेक माशांपेक्षा तीक्ष्ण असते. काठावर दाणदाण टाकलेली पावले त्यांना स्पष्ट कळतात. बोलण्याने फारसे बिघडत नाही, पाय आपटण्याने बिघडते. वेगवान धार जेथे संथ पाण्याला मिळते ती रेघ, वळणाच्या बाहेरच्या अंगाचा खोल डोह, दोन प्रवाहांचा संगम, बुडालेल्या झाडाची कड आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याखालचे पाणी या जागा नवशिक्याने आधी पाहाव्यात, कारण तेथे मासा फारसे न पोहता वाहत आलेले अन्न टिपू शकतो. उन्हाळ्यात पहाट आणि संध्याकाळ योग्य, कारण तापलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो आणि दुपारी मासा खोलात सुस्त राहतो. थंडीत मात्र ऊन वर आल्यावर, सकाळी उशिरा आणि दुपारी, चारा जास्त घेतला जातो.

तरंग्याची प्रत्येक हालचाल म्हणजे ओढायची खूण नव्हे. चिलापी भराभर टोचे मारतो आणि तरंगा थरथरतो. त्या वेळी थांबावे आणि तो एका बाजूला सरकू लागला किंवा सलग खाली गेला की मनगट हलकेच वर उचलावे. तळाशी खाणाऱ्या माशाने वजनासह घास उचलला तर तरंगा बुडण्याऐवजी उलट वर येऊन आडवा पडतो, आणि हे ज्याला ठाऊक नसते तो मासा सोडून बसतो. जोरदार झटका देण्याची गरज क्वचितच असते; त्याने चिलापीचा पातळ ओठ फाटतो. मासा काठाशी आल्यावर दोरीला धरून उचलू नये, खाली जाळीचे हातखोरे धरावे. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना टणक काटे असतात, त्यांची जखम बराच वेळ ठणकते. चिलापीचा पाठीवरचा पंखही टोचतो, म्हणून तळहात डोक्याकडून शेपटीकडे सरकवत काटे मिटवून मासा धरावा.

जो मासा खायचा नाही तो परत सोडायचा असेल तर हात आधी ओले करावेत, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचे रोगजंतूंपासून रक्षण करतो आणि कोरड्या हाताने तो निघून जातो. गळाचे उलटे कुसळ पकडीने आधीच दाबून सपाट केले असेल तर गळ क्षणात सुटतो. गळ घशात गेला असेल तर ओढाताण न करता तंगूस तोंडाजवळ कापावा. विणीच्या दिवसांत तर हात आवरायलाच हवा. पहिल्या पावसाबरोबर अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर जाणाऱ्या माशांना कोकणात चढणीचे मासे किंवा वलगणीचे मासे म्हणतात, आणि त्यांना धरण्याचा उत्साह परंपरेत कितीही मुरलेला असला तरी अंड्यांनी भरलेली मादी पुढच्या वर्षीची नदी पोटात घेऊन चाललेली असते, हे विसरता येत नाही. मरळाची लालसर पिल्ले घोळक्याने पाण्यावर दिसली तर आईबाप खाली पहारा देत असतात. त्यांना धरले की पिल्लांचा सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

महाराष्ट्रातील अनेक धरणांचे जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात आणि भोई, कोळी अशा समाजांतील कुटुंबांची उपजीविका त्यावर चालते. हौसेने येणाऱ्याने तेथे विचारून, परवानगी घेऊनच बसावे. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. काही डोह श्रद्धेने राखलेले आहेत. इंद्रायणीकाठी देहू-आळंदी, वैतरणेवरील तिळसे, महाडजवळचे वाळणकोंड येथील मासे लोक पिढ्यान्‌पिढ्या धरत नाहीत, आणि खडशीसारखा मोठा होणारा मासा आज काही ठिकाणी टिकून आहे त्याचे बरेचसे श्रेय अशा डोहांना आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटा पॉवरच्या केंद्रात या माशाचे कृत्रिम प्रजनन गेली अनेक दशके चालू आहे. नवशिक्याच्या गळाला चुकून लहान खडशी लागलीच, तर ती पाण्यातून पुरती बाहेर न काढता सोडावी.

धोके थोडे असले तरी खरे आहेत. धरणातून विसर्ग सोडला की कोरड्या दगडांवर बसलेल्या माणसाभोवती पाणी पाहता पाहता वाढते, म्हणून पात्राच्या मधल्या खडकावर बसू नये आणि भोंगा वाजला की साहित्य सोडून काठ गाठावा. सांगलीच्या परिसरात कृष्णेत आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीत मगरी आहेत. तेथे पाण्यात पाय सोडून बसणे किंवा मासे काठावरच साफ करणे टाळावे. नदीकाठी शेतीपंपांसाठी ओढलेल्या वीजतारा अनेकदा खाली लोंबलेल्या असतात, आणि कार्बनची काठी वीजवाहक असल्यामुळे फेकण्यापूर्वी वर पाहणे अत्यावश्यक ठरते. ओला बांबूही या बाबतीत निर्धोक नाही. तुटलेला तंगूस पाण्यात किंवा झुडपांवर सोडला तर पाणपक्ष्यांचे पाय त्यात अडकतात, म्हणून तो गुंडाळून घरी न्यावा आणि टाकण्यापूर्वी त्याचे बारीक तुकडे करावेत.

शिकण्यासाठी उत्तम काळ पावसाळा ओसरून पाणी निवळू लागल्यापासून सुरू होतो, जेव्हा बंधाऱ्यांत बरगे घालून पाणी अडवले जाते आणि मासे ठरावीक जागी स्थिरावतात. तेव्हा गांडूळ आणि १० क्रमांकाच्या गळाने काठालगतच्या चिलापीपासून आरंभ करावा, तरंगा वाचता येऊ लागला की पिठाच्या गोळ्याने तळाशी मृगळ व सायप्रिनस पाहावेत, आणि फेब्रुवारीनंतर पाणी उतरले की वाहत्या धारेत वजनाचा अंदाज शिकावा. मृगाच्या सरी येण्याआधी चकरी उघडून वाळू झाडावी, तेलाचा थेंब द्यावा, गळ पुसून कोरड्या डबीत ठेवावेत, आणि जुना तंगूस कितीही चांगला दिसला तरी पुढच्या हंगामासाठी नवा भरावा, कारण वर्षभर उन्हात राहिलेले नायलॉन आतून ठिसूळ झालेले असते.